पावडर दाबून सच्छिद्र चकती करताना दाब किती ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत छोटी प्रेस आहे, एचडीपीई (पॉलिएथिलीन प्लास्टिकचा एक प्रकार) पावडरची ५० मिमी व्यासाची, ५ मिमी जाड फिल्टर चकती करायची आहे. ती कधी हातात चुरते, कधी छिद्रं बुजून पार बंद होते. मग दाब किती?

दाबाचा आकडा शोधूच नका. वजन आणि उंची पक्की करा. पंचाला (वरून दाबणाऱ्या दांड्याला) स्टॉपर लावा, म्हणजे तो ५ मिमीवरच थांबेल. चकतीचं आकारमान ९.८ घनसेंमी. ४० टक्के पोकळी हवी असेल तर ९.८ × ०.६ (भरीव हिस्सा) × ०.९४ (प्लास्टिकची घनता), म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम पावडर. ०.४५ घनतेची सैल पावडर डायमध्ये (साच्यात) सव्वासहा मिमी भरते, ती पाचवर आणायची, एवढंच दाबणं. तेही गार असतानाच. गरम मालावर दाब वाढवलात की पृष्ठभागावर साय धरते आणि हवा जात नाही.

दुसरी गोष्ट मालाची. साधं एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळलं की वाहतं आणि छिद्रं बुजतात. यूएचएमडब्ल्यूपीई (फार लांब रेणूंचं पॉलिएथिलीन) घ्या. तेही १३५च्या सुमारास वितळतं, पण इतकं घट्ट असतं की दाणा आकार सोडत नाही, फक्त शेजारच्या दाण्याला चिकटतो. रिप्रोसेस (वापरलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला) माल स्वस्त पडतो, पण या कामात तो नकोच.

पावडर चाळून घ्या: १०० मेशमधून (इंचाला १०० छिद्रं असलेल्या चाळणीतून) खाली येणारी, १५० मेशवर राहणारी. बारीक भुकटी राहिली तर ती फटींत बसते आणि हिशोबातली पोकळी कागदावरच राहते. छिद्र दाण्यापेक्षा बरंच लहान येतं, साधारण पाव ते तिसरा हिस्सा.

ॲल्युमिनियमची डाय बोल्टने आवळून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. वेळ ओव्हनच्या काट्यावर मोजू नका, डायमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला. आतलं तापमान १६०च्या वर गेलं की पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. तुकडा मोडून बघा: दाणे सुटे गळले तर वेळ कमी पडला. डाय ८० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका, चकती वाकते. थंड होताना ती आक्रसतेही, म्हणून पहिले तुकडे मोजून-तोलून मगच डायचं माप आणि वजन नक्की करा. सिलिकॉन स्प्रे टाळा, तो छिद्रांत शिरतो. डायला टेफ्लॉन कोटिंग करून घ्या.

तयार चकतीवर पाणी ओतून ते खाली उतरलं नाही म्हणून ती फेकू नका. पॉलिएथिलीन पाण्याने भिजत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, ओली असतानाच पाणी सोडा, आणि मग ठरवा.