पाण्याखालचा पंख : डिंगीच्या सेंटरबोर्डाविषयी प्रश्नोत्तरे

डिंगी म्हणजे छोटी शिडाची बोट, आणि तिच्या तळातून पाण्यात उतरणारी पाती म्हणजे सेंटरबोर्ड. त्याच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे. आकड्यांसाठी सगळीकडे एकच नमुना बोर्ड धरला आहे : तळाखाली 1.1 मीटर खोल, सरासरी 33 सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 0.36 चौरस मीटर. दोघांनी चालवायच्या वेगवान डिंगीला साधारण एवढा बोर्ड असतो.

प्रश्न : टॅक घेतल्यावर (नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलल्यावर) आम्ही लगेच वाऱ्याच्या जवळ जायला बघतो आणि बोट आडवी सरकते. शेजारची बोट मात्र थोडी खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरते, आणि तरीही काही क्षणांत आमच्या पुढे आणि वर, म्हणजे वाऱ्याकडे, असते. आमचा बोर्ड लहान आहे का?

बोर्ड पुरेसा आहे, कमी पडतोय तो वेग.

तुमचा बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखा आहे. पाणी समोरून सरळ आले तर तो कुठल्याच बाजूला बल देत नाही. बल हवे तर पाणी थोडे तिरके यायला हवे. अपविंड (वारा येतो तिकडे तिरके) जाताना बोट नाकाच्या दिशेपेक्षा 3 ते 5 अंश खाली सरकत असते, आणि हाच तिरकेपणा बोर्डाला मिळतो. मग वाऱ्याकडच्या बाजूने पाणी जास्त वेगाने वाहते, तिथला दाब उतरतो आणि बोर्ड वाऱ्याकडे ओढला जातो. म्हणजे थोडे सरकणे हा बोर्डाचा दोष नाही. त्याशिवाय तो काम करूच शकत नाही.

आता आकडे पाहा. वेग सेकंदाला 3 मीटर, म्हणजे जवळपास 6 नॉट. कोन 4 अंश. अशा बोर्डाचा लिफ्टचा (प्रवाहाला आडव्या लागणाऱ्या बलाचा) गुणांक 0.33 च्या आसपास येतो आणि बाजूचे बल सुमारे 540 न्यूटन, म्हणजे 55 किलोच्या वजनाइतके. शिडांचा आडवा रेटा या बलाने तोलला जातो.

टॅकमधून बाहेर पडताना वेग निम्मा, सेकंदाला 1.5 मीटर झाला असे धरा. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून त्याच कोनात आता 55 च्या जागी 14 किलोच मिळतात. तुम्ही मात्र मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) पूर्ण खेचून शिडांचा आडवा रेटा आधीसारखाच मागता. तो तोलायला गुणांक 1.3 हवा. सममित बोर्ड 1 च्या थोडे वर गेला की संपतो : प्रवाह वाऱ्याकडच्या बाजूवरून सुटतो, लिफ्ट पडते, ड्रॅग (पाण्याचा मागे ओढणारा रोध) एकदम वाढतो. यालाच स्टॉल म्हणतात. त्यातून बाहेर यायला कोन बराच कमी करावा लागतो. तुम्ही तर नाक आणखी वर ढकलत असता.

शेजारचा खलाशी नेमके उलटे करतो. तो टॅकनंतर पाच ते दहा अंश खाली राहतो, मेनशीट हातभर सैल ठेवतो, बोट सपाट करतो. शीड सैल असताना आडवा रेटा कमी आणि पुढचा ओढा पुरेसा असतो, त्यामुळे वेग येतो. वेग आला की बोर्ड चावतो. त्यानंतर शीट आत आणि नाक वर, दोन्ही बरोबरीने. स्टार्टलाइनवरून सुटतानाही हाच क्रम ठेवा. मोठा बोर्ड घेऊन ही सवय झाकता येते, पण त्याचा ड्रॅग मग शर्यतभर सोबत येतो.

प्रश्न : खोल आणि अरुंद बोर्ड चांगला की उथळ आणि रुंद? क्षेत्रफळ सारखेच असेल तर फरक का पडावा?

बोर्डाच्या एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी. खालच्या टोकापाशी पाणी जास्तीकडून कमीकडे वळसा घालते आणि तिथून भोवरा सुटतो. त्या भोवऱ्याला लागणारी ऊर्जा तुमच्या वेगातून जाते. हा प्रेरित ड्रॅग. लिफ्टचा गुणांक दुप्पट झाला तर तो चौपट होतो. बोर्ड जितका लांबसडक, तितका तो कमी.

वरच्या टोकाला बोटीचा तळ भिंतीसारखा आडवा येतो आणि तिथे पाण्याला वळसा घालता येत नाही. त्यामुळे आपल्या बोर्डाचे खोली-रुंदीचे गुणोत्तर 3.3 असले, तरी तो जवळपास 6 गुणोत्तराच्या पंखासारखा वागतो. हा फायदा केसच्या (बोर्ड ज्या उभ्या खोबणीत बसतो तिच्या) तोंडावरच्या पट्ट्या शाबूत असतील तरच पूर्ण मिळतो. पट्टी फाटली की पाणी केसमधून एका बाजूकडून दुसरीकडे जाते, शिवाय आत घुसळत राहते. नव्या बोर्डाचा विचार करण्याआधी या पट्ट्या बदला, असे मी आग्रहाने सांगेन.

6 नॉटला आपल्या बोर्डाचा प्रेरित ड्रॅग आणि त्याचा स्वतःचा घर्षणाचा ड्रॅग बरोबरीला येतात. वेग कमी असेल तर प्रेरित ड्रॅग वरचढ, जास्त असेल तर घर्षण. म्हणून खोल बोर्डाचा खरा फायदा हलक्या ते मध्यम वाऱ्यात अपविंड दिसतो.

याची किंमतही आहे. खोल बोर्डाचे बल खाली लागते, म्हणून बोट जास्त कलते. मुळाशी वाकवणारा जोर वाढतो आणि अरुंद बोर्डात तो पेलायला जाडी कमी असते. शिवाय असा बोर्ड कमी अंशांतच पूर्ण लिफ्टला पोहोचतो आणि लवकर स्टॉल होतो. हात तयार नसलेल्या खलाशाला थोडा रुंद बोर्ड जास्त वेगवान ठरतो, कारण तो चुका पोटात घालतो. टोकाचा आकार लंबवर्तुळाकृती असावा की तिरका कापलेला, यावर पुष्कळ वाद होतात. खालच्या टोकाची रुंदी मुळाच्या साधारण 40 टक्के ठेवली तर तोटा नगण्य असतो, एवढे ध्यानात ठेवून पुढे जा.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात अपविंड जाताना बोर्ड थोडा उचलतात तो कलणे कमी व्हावे म्हणून ना?

फिरत्या सेंटरबोर्डाच्या बाबतीत हे कारण दुय्यम आहे. बोर्ड मागे 30 अंश फिरवला तर त्याचे बलकेंद्र जेमतेम 7 सेंटिमीटर वर येते. शिडांच्या केंद्रापासून बोर्डाच्या केंद्रापर्यंतचे उभे अंतर तीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे कलवणारा जोर दोन-अडीच टक्केच घटला. पण तेच केंद्र मागे सुमारे पाव मीटर सरकते, आणि हा बदल मोठा आहे. जोराच्या वाऱ्यात बोट कलली की नाक वाऱ्याकडे जायला बघते आणि तुम्ही टिलर (रडर, म्हणजे सुकाणू, वळवायचा दांडा) ओढून धरता. रडर ब्रेकसारखा आडवा राहतो. बोर्ड मागे गेला की हा ताण सुटतो आणि रडर सरळ होतो.

डॅगरबोर्ड सरळ वर येतो, त्यामुळे तिथे हिशेब उलटा होतो. 25 सेंटिमीटर उचलला तर केंद्र 12 सेंटिमीटर वर येते, क्षेत्रफळ घटते आणि समतोल फारसा हलत नाही. दोन्ही प्रकारांत हे परवडते ते वेगामुळेच : बोट 6 वरून 8 नॉटवर गेली तर तेवढ्याच बलाला जवळपास निम्मे क्षेत्रफळ पुरते.

डाउनविंडला (वारा मागून असताना) जास्त उचला, पण पूर्ण नको. थोडा बोर्ड खाली असला तर डोलणे आवरते. जोरात जाइब (वारा मागे ठेवून बाजू बदलणे) करताना मात्र पूर्ण खाली ठेवलेला बोर्ड धोक्याचा असतो. बोट आडवी सरकू पाहते, बोर्ड अडवतो आणि ती त्याच्यावर अडखळून उलटते.

प्रश्न : बोर्डाला कोणते प्रोफाइल (आडव्या छेदाचा आकार) द्यावे? एनएसीए 0012 जुने झाले, लॅमिनार प्रोफाइल घ्या, असे सांगतात.

आधी वर्गाचे (शर्यतीच्या एकाच प्रकारच्या बोटींचे) नियम बघा. आयएलसीए किंवा 49-अर या डिंगींच्या वर्गांत बोर्ड उत्पादकाकडून येतो आणि त्याचा आकार बदलता येत नाही. 505 सारख्या वर्गात बोर्डाला बरीच मोकळीक आहे, प्रश्न तिथे येतो.

एनएसीए ही नासाच्या आधीची अमेरिकी विमानविद्या समिती. तिच्या 0012 मध्ये जाडी रुंदीच्या 12 टक्के, आणि सर्वांत जाड भाग पुढून 30 टक्क्यांवर. लॅमिनार प्रकारच्या 63-012 मध्ये तो भाग आणखी मागे असतो, त्यामुळे प्रवाह जास्त अंतरापर्यंत थरांत, न घुसळता वाहतो आणि घर्षण घटते. पण ही सवलत लिफ्टचा गुणांक शून्याच्या आसपास, साधारण 0.1 च्या आत असतानाच पुरती मिळते. अपविंडला आपण 0.33 वर असतो. म्हणजे लॅमिनार प्रोफाइल खरे कमावते ते रीचवर (वारा बाजूने असताना) आणि डाउनविंडला. अपविंडला, विशेषतः लाटांत कोन सतत बदलत असताना, गोलसर नाकाचे 0012 जास्त माफ करते. दोन्हींच्या मधला आकार निवडणारे माझ्या मते शहाणे.

नाक टोकदार करू नका. 0012 च्या नाकाची त्रिज्या रुंदीच्या 1.6 टक्के असते, आपल्या बोर्डाला सुमारे 5 मिलिमीटर. पत्र्याचा साचा कापून दोन्ही बाजूंनी लावून पाहा. हाताने घासलेल्या बोर्डांचे नाक बहुधा एका बाजूला झुकलेले असते, आणि मग बोट एका टॅकवर चांगली चालते, दुसऱ्यावर नाही.

प्रश्न : ठरावीक वेगाला बोर्ड गुणगुणतो. यात नुकसान आहे का?

आहे. मागच्या कडेवरून भोवरे आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे सुटतात आणि त्यांची वारंवारता बोर्डाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की तो गाऊ लागतो. कड 3 मिलिमीटर जाड आणि वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर ही वारंवारता साधारण 270 हर्ट्झ येते, कानाला सहज ऐकू येणारी. उपाय सोपा आहे : मागची कड गोल ठेवू नका. ती चौकोनी कापा आणि एका बाजूने तिरका छेद द्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे भोवरे एकमेकांना साथ देत नाहीत. केसमध्ये बोर्ड ढिला असेल तर तोही घट्ट बसवा.

प्रश्न : जाइबिंग बोर्डाने बोट वाऱ्याच्या जास्त जवळ जाते का? बसवावा का?

यात गैरसमज फार आहे. जाइबिंग बोर्ड केसमध्ये दोन-तीन अंश वळतो. प्रत्येक टॅकवर त्याचे नाक वाऱ्याकडे जाते, त्यामुळे पाण्याशी लागणारा कोन बोर्ड स्वतःच घेतो आणि बोटीला तिरके चालावे लागत नाही. बोर्डाचा कोन तोच, लिफ्ट तीच, प्रवासाची दिशाही जवळपास तीच. बदलते एवढेच की बोटीचा तळ पाण्यातून सरळ जातो आणि त्याचा ड्रॅग घटतो. त्याच मार्गावर नाक उलट थोडे खाली दिसते. नाक वर दिसावे म्हणून बसवाल तर निराश व्हाल.

तो आपोआप वळतो कसा? बोर्डावरचे बल पुढून साधारण एक चतुर्थांश रुंदीवर लागते. बोर्डाचे डोके मागच्या भागात जाड आणि पुढे निमुळते केले, तर तो मागे टेकतो आणि त्या टेकूच्या पुढे लागणारे बल नाक वाऱ्याकडे ढकलते. टेकू चतुर्थांशाच्या पुढे गेला तर बोर्ड उलट्या बाजूला वळेल. टेकूपासून डोक्याचे पुढचे टोक 30 सेंटिमीटर असेल, तर अडीच अंशांसाठी तिथे प्रत्येक बाजूला 13 मिलिमीटर मोकळीक हवी. दोन्ही बाजूंची मोकळीक मोजून सारखी करा.

बसवल्यावर दोन गोष्टी बदलाव्या लागतात, आणि त्या न केल्यामुळेच अनेकांना फायदा दिसत नाही. नाक खाली आल्याने शिडांना बोटीच्या मध्यरेषेपासून तेवढेच अंश बाहेर ठेवायला हवे. जिबचा लीड (पुढच्या शिडाची दोरी ज्यातून जाते ती कडी) जुन्याच जागी राहिला तर शिडे जास्त आवळली जातात. दुसरे, तिरक्या चालणाऱ्या बोटीत रडरही थोडा भार उचलत असतो. बोट सरळ चालू लागली की मध्यावर धरलेला रडर रिकामा होतो आणि सगळा भार बोर्डावर येतो. म्हणून टिलर एक-दोन अंश ओढलेला राहील असा मास्टचा (डोलकाठीचा) कल ठेवा.

डाउनविंडला बोर्ड डगडगू नये यासाठी डोक्याचा आकार असा हवा की थोडा उचलला की तो मध्यावर अडकून बसेल. माझे मत विचाराल तर सपाट पाण्यात आणि स्थिर वाऱ्यात हा बोर्ड उपयोगी आहे. आखूड उसळत्या लाटांत, जिथे वेग सारखा तुटतो, तिथे मी तो मध्यावर अडकवून ठेवतो.

प्रश्न : वेगात रडरपाशी फेस येतो आणि बोट ऐकत नाही. हे कॅव्हिटेशन का?

नाही. कॅव्हिटेशन म्हणजे दाब उतरून पाण्याची वाफ होणे, आणि त्यासाठी दाब खूप उतरावा लागतो. सेकंदाला 10 मीटर, म्हणजे 19 नॉटलाही पाण्याचा गतिज दाब वातावरणाच्या निम्माच असतो. तुमच्याकडे पृष्ठभागावरची हवा रडरच्या कमी दाबाच्या बाजूने खाली ओढली जाते. हे व्हेंटिलेशन. ट्रान्समवरचा (बोटीच्या मागच्या सपाट फळीवरचा) रडर पाण्याचा पृष्ठभाग छेदतो, म्हणून हे त्याच्या नशिबी येते. बोर्डावर तळाचे छत असते. तसे झाले की टिलर क्षणभर मध्यावर आणा, हवा निघून जाईल. बोट कमी कलवलीत तर वेळच येणार नाही.

प्रश्न : बोर्ड आरशासारखा पॉलिश करावा की बारीक कागदाने घासून सोडावा? मेणाचा उपयोग होतो का?

एका मर्यादेखालचा खडबडीतपणा पाण्याला जाणवतच नाही. सेकंदाला 3 मीटर वेगाला ही मर्यादा मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी आहे, 5 मीटरला पन्नासाव्या भागाइतकी. 400 नंबरच्या कागदाने पाण्यात घासलेला बोर्ड तिच्या आत बसतो. त्यापुढच्या चकाकीने वेग वाढत नाही. मेणावर पाण्याचे थेंब गोल होतात हे दिसायला छान, पण पूर्ण बुडालेल्या बोर्डाचे घर्षण त्याने कमी होत नाही.

तो वेळ पुढच्या पाव भागावर घालवा. नाकावरचा एक खवला किंवा रंगाचा थेंब मागे पाचरीच्या आकारात प्रवाह घुसळून टाकतो. प्रकाश तिरका पाडून बोर्डाच्या लांबीवर नजर टाका, लवचीक पट्टी आडवी टेकवून उंचवटे शोधा. बोटाला लागणारा खड्डा भरा, न लागणारा ओरखडा सोडून द्या. आणि मागच्या कडेचा टवका उडाला असेल तर पुढच्या शर्यतीआधी भरा, कारण तिथून आत शिरलेले पाणी गाभा फुगवते आणि मग प्रोफाइल कोणतेही असो, ते उरत नाही.