पेल मून आणि अँटिव्हायरसचे वेब स्कॅनिंग : नाव तेच, सर्टिफिकेट वेगळे

गुहागरहून तुम्ही लिहिले आहे की पेल मून हा ब्राउझर उघडला की जवळजवळ प्रत्येक पानावर कनेक्शन विश्वासार्ह नसल्याचा इशारा येतो, अँटिव्हायरसचे वेब स्कॅनिंग बंद केले की तो जातो, क्रोममध्ये मात्र स्कॅनिंग चालू असूनही काही अडत नाही. तेव्हा ब्राउझरच बदलावा का? माझे मत विचाराल तर बदलू नये. याच दुखण्यात मी पंधरा दिवस घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी संगणकतज्ज्ञ नाही, देवगडजवळ नातेवाइकांच्या आंब्याच्या व्यवहाराचा हिशेब पाहतो. त्यामुळे जे सांगतो ते माझ्या यंत्रावर घडलेले आहे, आणि तुमच्या अँटिव्हायरसमधील पर्यायांची नावे वेगळी असू शकतील.

एचटीटीपीएसचे, म्हणजे कुलूपबंद होऊन येणारे, पान तपासण्यासाठी अँटिव्हायरस मध्ये बसतो, आलेला मजकूर उघडून पाहतो आणि स्वतःच्या सहीचे सर्टिफिकेट (म्हणजे संकेतस्थळाचे ओळखपत्र) लावून तो पुढे ब्राउझरकडे देतो. या सहीची ओळख पटावी म्हणून आपले रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या सह्या ज्याच्या भरवशावर मानल्या जातात ते मूळ सर्टिफिकेट, तो विंडोजच्या भांडारात ठेवतो, आणि क्रोम व एज तेथे ठेवलेले सर्टिफिकेट मान्य करतात. पेल मून हा फायरफॉक्सच्या घराण्यातला; त्याचे सर्टिफिकेटांचे भांडार स्वतःचे, तेही प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळे. (फायरफॉक्सचे इंजिन ‘गेको’ म्हणजे पाल आणि पेल मूनचे ‘गोआना’ म्हणजे घोरपड. एकदा नाही म्हटले की हा ब्राउझर का हटत नाही, ते त्यावरून समजावे.) म्हणून ते रूट सर्टिफिकेट आपल्या हाताने त्याच्यात आयात करावे लागते. विंडोजच्या सर्टिफिकेट व्यवस्थापकात ‘ट्रस्टेड रूट’ विभागातून ते निर्यात करायचे, आणि पेल मूनच्या प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, सर्टिफिकेट्स, व्ह्यू सर्टिफिकेट्स या वाटेने ‘ऑथॉरिटीज’ टॅबमध्ये इंपोर्ट करायचे. तेव्हा संकेतस्थळांची ओळख पटवण्यासाठी विश्वास ठेवण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नये. एवढे तुम्हाला बहुधा ठाऊक असेल.

माझी चूक याच्या पुढची आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा वीज येता-जाता आमच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. नवा बसवला, विंडोज आणि अँटिव्हायरस नव्याने टाकले, आणि पूर्वी एकदा हा सगळा खटाटोप केलेला असल्यामुळे मोठ्या शहाणपणाने पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेले जुने सर्टिफिकेट पेल मूनमध्ये आयात केले. यादीत ते दिसले, नाव अक्षरशः तेच होते, चौकटीत खूणही केली होती, आणि तरीही प्रत्येक पानावर इशारा येतच राहिला. सर्टिफिकेट तर बसले आहे, मग दोष ब्राउझरचाच, असे मी ठरवून टाकले आणि कारण शोधायचे थांबलो.

त्यानंतर जे केले ते आज लिहितानाही संकोच वाटतो. इशारा आला की मी त्या संकेतस्थळासाठी अपवाद नोंदवत गेलो. असे तीस-चाळीस अपवाद जमले. बँकेने आणि ईमेलने मात्र अपवादाचे बटणच दिले नाही, कारण काही संकेतस्थळे ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात की आमच्या बाबतीत सवलत देऊ नये. ते न मिळालेले बटण हेच माझ्यावरचे उपकार ठरले. नाहीतर मी तेथेही डोळे मिटून पुढे गेलो असतो.

अँटिव्हायरस कंपनीच्या मदतकेंद्राविषयी थोडे लिहितो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण अशी केंद्रे सगळीकडे सारखीच असावीत असा माझा संशय आहे. वादळात टेलिफोनची तार तुटलेली होती, म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून त्यांना माझ्या संगणकाचा ताबा दिला. समोरच्या गृहस्थांनी क्रोम उघडला, दोन पाने दाखवली, ‘आमचे उत्पादन व्यवस्थित चालत आहे, तुमचा ब्राउझर आमच्या यादीत नाही’ असे सांगितले आणि तक्रार निकाली काढली. दिवसभराचा डेटा त्यात संपला. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पहिल्या वेळची नोंदच त्यांना सापडली नाही. सर्टिफिकेट नवे आहे की जुने, हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

अखेर एका रात्री पाऊस कोसळत असताना विंडोजमधले आणि पेल मूनमधले अशी दोन्ही सर्टिफिकेटे शेजारी शेजारी उघडून बसलो. विंडोजमधील ‘थंबप्रिंट’ म्हणजे सर्टिफिकेटचा जणू अंगठ्याचा ठसा; ही एसएचए-१ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेली ४० अंक-अक्षरांची ओळ असते, आणि पेल मूनही सर्टिफिकेटच्या तपशिलात तीच ओळ दाखवतो. एकीकडे शेवट ‘ई४’ होता, दुसरीकडे ‘९१’. अँटिव्हायरस हे सर्टिफिकेट प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक नव्या स्थापनेत स्वतंत्रपणे तयार करतो. नाव तेच राहते, सही करणारी गुप्त किल्ली बदलते. जुने काढून टाकले, विंडोजमधून नवे निर्यात करून आयात केले, ब्राउझर बंद करून उघडला आणि इशारे थांबले. म्हणून तुम्हीही आधी या ओळीची शेवटची चार अक्षरे जुळतात का ते पाहा, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणत्याही उपायाला हात लावू नका.

त्याच कारणाने मित्राच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावरून सर्टिफिकेट आणून टाकू नये. त्याने काम तर होत नाहीच, शिवाय ज्याच्याकडे त्या यंत्राची किल्ली आहे त्याच्या सहीवर तुमचा ब्राउझर विश्वास ठेवू लागतो. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांतील सुपरफिश प्रकरण गाजले ते याच मुद्द्यावर : सगळ्या यंत्रांवर एकच रूट आणि एकच किल्ली होती, आणि ती किल्ली बाहेर काढता आली. मधल्या काळात नोंदवलेले अपवादही सर्टिफिकेट व्यवस्थापकाच्या ‘सर्व्हर्स’ टॅबमधून एकेक करून पुसावेत.

इशारे थांबले म्हणजे स्कॅनिंग सुरू झालेच, असे मात्र धरू नये. काही अँटिव्हायरस फक्त आपल्या यादीतल्या ब्राउझरांचीच वाहतूक तपासतात आणि बाकीच्यांना काही न बोलता सोडून देतात. पानाच्या कुलपावर टिचकी मारून सर्टिफिकेट कोणी दिले ते पाहा. तेथे अँटिव्हायरसचे नाव हवे. नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पेल मूनची एक्झी (प्रोग्रॅम सुरू करणारी) फाइल हाताने यादीत घालण्याची सोय आहे का ते शोधा. मग अँटिव्हायरस तपासण्यासाठीच बनवलेली आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल एचटीटीपीएसवरून उतरवून पाहा. सूचना वेब संरक्षणाकडून आली तर काम झाले. फाइल संरक्षणाकडून आली तर फाइल डिस्कवर पोहोचल्यानंतर पकडली गेली आहे. पेल मून यादीत घालण्याची सोयच नसेल, तर केवळ या ब्राउझरपुरते वेब स्कॅनिंग सोडून देऊन फाइल संरक्षणावर राहणे मला गैर वाटत नाही, मात्र हे माझे मत आहे आणि जबाबदारी तुमची. बँकेचे संकेतस्थळ मी तर स्कॅनिंगमधून वगळूनच ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्हीही किनाऱ्यावरचे आहात. पावसाळ्यात वीज वारंवार गेली आणि मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी उतरलेली असली, तर संगणकाची तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेटविषयीचे असेच इशारे येऊ लागतात. तुमच्याकडे इशारे रोज न येता वीज गेल्यानंतरच येत असतील, तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा.