घरी नेण्याआधी घराचे फोटो दवाखान्यात दाखवा

प्रश्न : मॅडम, माझ्या सासऱ्यांना (वय 67) पंधरा दिवसांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं गेलं. "हो", "नाय" आणि एखादा शब्द, एवढंच येतं. कोल्हापूरला दवाखान्यात आहेत, या आठवड्यात सोडतील. कागदावर औषधांच्या खाली "फिजिओथेरपी चालू ठेवणे" इतकंच लिहिलंय. आमचं घर देवगड तालुक्यात, रस्त्यावरून पायऱ्यांची घाटी उतरून यावं लागतं. दीर म्हणतात डोंबिवलीला नेऊ, तिथे लिफ्ट आहे. सासूबाई म्हणतात घरीच आणा. तीन महिन्यांत सुधारेल तेवढंच, असं जो तो सांगतो. मला झोप लागत नाही. पुढचं कसं ठरवायचं?
– एक सून, देवगड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दीर काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात तेही आहे. सासऱ्यांना काय हवंय ते नाही. दोष देत नाही. बोलणं गेलेल्या माणसाच्या बाबतीत बहुतेक घरांत असंच होतं. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

बहुतेकांच्या मेंदूची डावी बाजू उजवं अंगही सांभाळते आणि भाषाही, म्हणून दोन्ही एकदम गेलं. शब्द सापडत नाहीत म्हणजे बुद्धी गेली असं नाही. समजायला थोडं जड जात असेल, तर आजूबाजूचा गलका बंद करून, छोट्या वाक्यात, एका वेळी एकच गोष्ट विचारा. मोबाइलवर फोटो दाखवा : तुमची ओटी, कलमांची बाग, दिरांची खोली. दोनच दाखवा आणि थांबा. घाईने त्यांचं उत्तर तुम्ही देऊ नका. या आजारात "हो" म्हणायचं असताना तोंडातून "नाय" निघू शकतं, म्हणून तोच प्रश्न उलट करून पुन्हा विचारा आणि चेहरा बघा.

हे इतकं लावून धरते, कारण व्यायामाचा सगळा बेत त्यावर उभा राहतो. मालवणच्या बाजूचे एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, माझ्याकडे होते. घरातली मंडळी त्यांना पडवीत फेऱ्या मारायला सांगत, ते भिंतीकडे तोंड करून पडत. एकदा त्यांच्या नातवाने विचारलं, "आजोबा, खंय जांवचा?" (कुठे जायचंय?) त्यांनी डाव्या हाताने समुद्र दाखवला. मग आम्ही तेच काम घेतलं : खाटेवरून उठणं, उंबरा ओलांडणं, पायरी उतरणं, वाळूच्या कडेच्या होडीपर्यंत जाऊन टेकणं. मेंदू पुन्हा शिकतो तो खऱ्या कामाचा सराव करून, भरपूर वेळा करून. नुसतं तेल चोळून आणि दुसऱ्याने पाय हलवून सांधे मोकळे राहतात, चालणं येत नाही. तुमच्या सासऱ्यांची जागा कदाचित बाग असेल, कदाचित खळ्यातली खुर्ची. ती शोधा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा.

आता या आठवड्याचं. आजच वाडीतल्या कुणाकडून घराचे फोटो आणि मापं मागवा : घाटीच्या पायऱ्या, उंबरे, दारांची रुंदी, खाटेची उंची, संडास कुठे आहे आणि तो बसायचा की कमोडचा. ते दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि "या घरात हा माणूस कसा फिरेल?" असं थेट विचारा. खाटेवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. संडास परसात असेल तर पावसात त्या शेवाळलेल्या चिऱ्यांवरून त्यांना नेण्याचा विचार सोडा, कमोडची खुर्ची खोलीत ठेवा. खाटेवरून खुर्चीत बसवणं तुम्ही आणि मिस्टर, दोघांनी तिथल्या माणसांसमोर स्वतः करून बघा. परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रणही करा, घरी गेल्यावर ते कागदापेक्षा उपयोगी पडतं. उचलताना लुळा हात ओढायचा नाही, काखेत हात घालून वर खेचायचं नाही. धरणारे स्नायू ढिले पडल्यामुळे खांदा निसटतो, आणि तो दुखायला लागला की माणूस व्यायामालाच नाही म्हणतो.

गिळणं तपासल्याशिवाय घरी आणू नका. आपल्याकडे आजारी माणसाला पहिली पेज. पण पाणी वेगळं आणि शितं वेगळी अशी पातळ पेज गिळायला अवघड असते. पाणी पुढे धावतं, श्वासनलिकेत शिरतं आणि न्यूमोनियाला निमित्त होतं. किती घट्ट द्यायचं ते तिथले तज्ज्ञ सांगतील, त्याप्रमाणे पेज घोटून एकजीव करा. ताठ बसवून, छोट्या घासाने भरवा, आणि जेवणानंतर लगेच आडवं करू नका. खोकला येतो का, आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा येतो का, याकडे लक्ष द्या. काही जणांना खोकला येतच नाही आणि अन्न आत जातं, म्हणून तर तपासणी हवी. मासे सध्या काट्यांसाठी थांबवा, चवीसाठी नव्हे.

डोंबिवली की देवगड? लिफ्ट ही चांगली गोष्ट आहे. पण मी आधी विचारीन की सकाळची लोकल गाठायला सगळे बाहेर पडल्यावर दिवसभर त्यांच्याजवळ कोण? आणि रोज उपचार मिळणार का? मिळणार असतील तर मुंबईला अर्थ आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा-भाषेसाठी आहे. दीर आधी तिथे चौकशी करून, तारीख घेऊन येत असतील, तर काही आठवडे तिकडे राहून मग गावी, हा मार्ग मला पटतो. फक्त लिफ्टसाठी न्यायचं असेल, तर आपल्या माणसांतून उचलून चौथ्या मजल्यावर एकटं बसवल्यासारखं होईल. आणि हा बेत त्यांना फोटो दाखवून, परत केव्हा आणणार तेही सांगून ठरवा.

तीन महिन्यांची धास्ती सोडा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, म्हणून हे दिवस वाया घालवू नयेत. पण त्यानंतर दार बंद होत नाही. बोलणं, हाताचं काम, चालण्यातला भरवसा वर्षानंतरही हळूहळू वाढताना मी बघते. वेगळी काळजी घ्या ती मनाची. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, ते हट्टीपणासारखं दिसतं. खाणं-झोप बिघडली, व्यायामाला तोंड फिरवलं, तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. रक्तदाबाची गोळी मात्र "आता बरं आहे" म्हणून कुणीही बंद करू नये, दुसरा झटका तिथूनच येऊ शकतो. पुढे अवस्था स्थिरावल्यावर दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. 40 टक्के किंवा अधिक नोंद झाली की एसटीच्या सवलतीसह बऱ्याच गोष्टींचा रस्ता मोकळा होतो.

आणि तुमची झोप. "सून आहे ना" म्हणून सगळं तुमच्यावर येईल, ते आत्ताच अडवा. कोण कुठल्या रात्री जागणार, दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, तालुक्याला औषधं आणायला कोण जाणार, हे कागदावर नावांसकट लिहून भिंतीला लावा. त्यात दिरांचंही नाव हवं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या आणि सासरे ज्या दिवशी घरी येतील तिथपासूनच्या पंधरवड्याची रजा मागा, गणपतीची नव्हे.