‘होली ग्रेल’ म्हणजे नेमकं काय? ही गोष्ट बायबलमधली आहे का?

होली ग्रेल म्हणजे मध्ययुगीन युरोपीय कथांमधलं एक पवित्र पात्र. आणि नाही, बायबलमध्ये ‘ग्रेल’ कुठेच नाही. येशूने अंतिम भोजनात, म्हणजे क्रूसावर जाण्याआधी शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणात, प्याला घेतला, एवढाच उल्लेख आहे; त्या प्याल्याचं पुढे काय झालं हे शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत) नाही.

शब्द जुन्या फ्रेंचमधला, ‘ग्राल’. अर्थ अगदी घरगुती: जेवण वाढायचं पसरट, खोलगट ताट. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियां द त्रुवा या फ्रेंच कवीने पर्सिव्हल नावाच्या तरुण सरदाराची कथा लिहायला घेतली. त्यात एका जखमी राजाच्या वाड्यात एक मुलगी रत्नजडित सोन्याचं ग्राल घेऊन समोरून जाते. हे कोणासाठी चाललंय, असं विचारायचं पर्सिव्हलच्या ओठांवर येतं, पण तो गप्प राहतो. पुढे कळतं, त्यात अशा ताटात वाढतात तसे मासे नव्हते, ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे चर्चमधल्या विधीत देतात ती पवित्र, एकच भाकर होती आणि तेवढ्यावर राजाचा म्हातारा बाप जगत होता. मला तर सगळ्या ग्रेलकथांत हाच प्रसंग सर्वांत जास्त भिडतो. कवीच्या हातून ही कथा अपुरीच राहिली.

इ. स. 1200च्या सुमारास रोबेर द बोरों याने ग्रेलचा संबंध अंतिम भोजनाशी जोडला: त्याच पात्रात अरिमथाईकर योसेफाने, म्हणजे येशूचं दफन करणाऱ्या अनुयायाने, क्रूसावरच्या येशूचं रक्त धरलं. आज आपल्याला माहीत असलेलं ग्रेल ते हेच. जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखकडे मात्र ग्रेल चक्क एक दगड आहे!

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये अकीक दगडाचा एक प्याला येशूचा म्हणून श्रद्धेने जपला जातो.