गाडी राहू द्या, पेन्शन आधी सुरू करा

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून एका इंजिनिअर वाचकाचं पत्र आलंय. वय ४९, पगार वर्षाला ७२,००० पौंड, बँकेत ८५,०००. त्यांना फेरारी २५० जीटीओची हाताने घडवलेली प्रतिकृती घ्यायची आहे, ८०,००० पौंडांना. आत डॅटसन २४०झेड ही जुनी जपानी गाडी, वरून ठोकून काढलेली ॲल्युमिनियमची बॉडी. विकणारा सांगतो, दहा वर्षांत दुप्पट होतील आणि नफ्यावर करही नाही. गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

नाही. खऱ्या जीटीओ १९६२ ते ६४ मध्ये अवघ्या ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ साली कॅलिफोर्नियात लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ते पैसे त्या चासी नंबरचे, म्हणजे सांगाड्यावरच्या मूळ क्रमांकाचे, आणि त्या गाडीने मारलेल्या शर्यतींचे होते. पत्रा ठोकणाऱ्याचे कष्ट खरे आहेत, त्यांचा मान राखूनच सांगतो, तो इतिहास नव्या पत्र्याला चिकटत नाही. शिवाय २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने या गाडीचा आकार कलाकृती ठरवून मोडेनाच्या एका कंपनीला प्रतिकृती बनवायला मनाई केली. पुढे विकताना गिऱ्हाईक हे सगळं विचारणारच. ब्रिटनमध्ये खासगी गाडीच्या नफ्यावर भांडवली कर नाही हे बरोबर, पण तोटा झाला तर त्याची वजावटही मिळत नाही.

पण माझी झोप उडवली ती पत्रातल्या शेवटच्या ओळीने: ‘गाडीसाठी साठवायचं म्हणून चार वर्षांपूर्वी कंपनीची पेन्शन बंद केली. भारतात पॉलिसी आहेच.’

अहो, काय केलंत हे! तुमची कंपनी पगाराच्या ८ टक्क्यांपर्यंत तुमच्याइतकीच भर घालते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला साधारण ५,८००. चार वर्षांत २३,००० पौंड हातचे गेले आणि ते आता मिळणार नाहीत. तुम्ही ४० टक्के आयकराच्या पट्ट्यात आहात आणि पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांवर तो कर वाचतो, त्यामुळे तुमचे ५,८०० भरताना खिशातून जेमतेम ३,५०० जातात. साडेतीन हजार घालून पेन्शनमध्ये ११,६०० जमतात. हेच सोळा वर्षं, महागाई वजा न करता ५ टक्के परताव्याने, पावणेतीन लाख पौंडांच्या आसपास जातं.

आता ती पॉलिसी. वर्षाला २ लाख ४० हजार रुपये हप्ता, वीस वर्षं, शेवटी एजंटच्या कागदावर ८५ लाख. हा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. पौंडाला ११० रुपये धरले तर सगळे मिळून ७७,००० पौंड, निवृत्तीच्या पंचवीस वर्षांत वाटले की महिन्याला अडीचशे. तेही आजच्या नव्हे, तेव्हाच्या महागाईतले. परदेशात राहणाऱ्या माणसाला ‘करमुक्त’ म्हणून एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली अशी पॉलिसी, विकतात याचा मला संताप येतो. भारतात करमुक्त असली तरी तुम्ही ब्रिटनचे करदाते आहात, तिथे परदेशी पॉलिसीच्या नफ्यावर उत्पन्न म्हणून कर लागू शकतो. हे त्या एजंटने सांगितलं होतं का?

सोमवारी एचआरला लिहा आणि या महिन्याच्या पगारापासून पूर्ण ८ टक्के कापायला सांगा. पुढचा हप्ता भरण्याआधी विमा कंपनीकडून सरेंडर (आता पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे) या दोन्हींचे आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा. बँकेतल्या ८५,००० मधून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. उरलेल्यातलं किती पेन्शनमध्ये जादा भरायचं ते आकडे आल्यावर ठरवू. तोवर गाडीवाल्याला टोकन देऊ नका.