हॅश बॅशची बातमी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकते. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रासाठी हॅश बॅशची, म्हणजे इथल्या गांजासमर्थकांच्या वार्षिक मेळाव्याची, बातमी माझ्याकडे आली आहे. जुन्या बातम्या चाळल्या तर सगळीकडे तेच दिसतं : धूर, गर्दी, रंगीबेरंगी टोप्या. वेगळं काय करता येईल?

उत्तर : धूर दरवर्षी असतोच, त्यामुळे ती बातमी नाही. बातमी पायाखालच्या जमिनीत आहे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला माणसं डायगवर, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या मोकळ्या चौकात, जमतात, हॅचर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून भाषणं होतात, आणि त्या एका चौकावर तीन कायदे एकाच वेळी लागू असतात. मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८मध्ये कौल दिल्यापासून २१ वर्षांवरच्या माणसाला अडीच औंस, म्हणजे साधारण ७० ग्रॅम गांजा जवळ बाळगता येतो. पण त्याच राज्यात सार्वजनिक जागी तो ओढायला बंदी आहे. विद्यापीठाच्या आवारात तर बाळगायलाही मनाई आहे, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थेला अमली पदार्थमुक्त आवाराची अट पाळावी लागते. आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजूनही बेकायदाच आहे. म्हणजे तिथे जॉइंट (गांजाची विडी) पेटवणारा माणूस राज्याच्या कायद्याने अर्धा बरोबर, आवाराच्या नियमाने चूक आणि केंद्राच्या कायद्याने गुन्हेगार असतो. हे नेमकं सांगणारी बातमी वाचकाच्या उपयोगाची.

तयारी महिनाभर आधी सुरू करा. डायगवरच्या कार्यक्रमाला परवानगी लागते. ती कोणाच्या नावावर आहे, किती ते किती वाजेपर्यंत आहे, ध्वनिक्षेपकाची अट काय आहे, हे मूळ कागदावरून पाहा, आयोजकांच्या तोंडून नव्हे. गेल्या काही वर्षांत त्या दिवशी कॅम्पस पोलिसांनी किती जणांवर कारवाई केली, हे माहितीच्या कायद्याखाली लेखी मागा. विद्यापीठ सार्वजनिक असल्यामुळे मिशिगनचा माहितीचा कायदा त्याला लागू आहे. उत्तराची मुदत कामाचे ५ दिवस, आणि ती आणखी १० दिवस वाढवता येते. त्यामुळे अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे. बहुतेकांची चूक इथेच होते : अर्ज शेवटच्या आठवड्यात जातो, आकडे कार्यक्रम संपल्यावर येतात आणि बातमीत पुन्हा टोप्याच उरतात.

प्रत्यक्ष दिवशी अकराला पोहोचा. मुलाखती बाराच्या आत उरका. नशेत असलेल्या माणसाची संमती ही संमती धरू नका. बारानंतर कोणी चांगलं बोललं तर फोन नंबर घ्या, दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवा आणि मगच छापा. ध्वनिमुद्रण करताना पायऱ्यांवरच्या स्पीकरकडे पाठ करून उभे राहा आणि फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे बोचरा वारा असतो. त्यामुळे माइकवर फोमचं टोपण नसेल तर घरी आल्यावर सगळ्या मुलाखतीत नुसता घरघराट ऐकू येतो. बातमीदाराने त्या दिवशी स्वतः काही ओढायचं नाही, दुकानांकडून फुकटचा नमुनाही घ्यायचा नाही. गांजाची दुकानं तुमच्या वृत्तपत्राला जाहिराती देत असतील, तर ते बातमीत एका ओळीत सांगून टाका.

प्रश्न : गायक जॉन लेननच्या कार्यक्रमातून हॅश बॅश सुरू झाला, असं वाचनात आलं. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : नाही, पण धागा आहे. कवी आणि कार्यकर्ते जॉन सिंक्लेअर यांना १९६९मध्ये, साध्या वेशातल्या पोलिसांना दोन जॉइंट दिल्याबद्दल दहा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी १० डिसेंबर १९७१ रोजी अ‍ॅन आर्बरच्या क्रायस्लर अरीनामध्ये सभा झाली. लेनन, त्यांची पत्नी योको ओनो आणि गायक स्टीव्ही वंडर त्या सभेत होते. तीन दिवसांनी सिंक्लेअर बाहेर आले. ९ मार्च १९७२ला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. नवा कायदा १ एप्रिलला लागू व्हायचा होता, त्यामुळे मधले जवळपास तीन आठवडे राज्यात गांजाविरुद्ध कायदाच नव्हता. नवा कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ एप्रिल १९७२ला, पहिला हॅश बॅश झाला. सभा आणि हॅश बॅश या दोन वेगळ्या घटना आहेत. पार्श्वभूमीच्या परिच्छेदात त्यांची सरमिसळ नेहमी होते. सिंक्लेअर २ एप्रिल २०२४ रोजी, त्या वर्षीच्या हॅश बॅशच्या चारच दिवस आधी वारले.

आणखी एक चूक नेहमी दिसते. अ‍ॅन आर्बर शहराने सत्तरच्या दशकात गांजासाठी फक्त ५ डॉलर दंड ठेवला, हे खरं. पण तो शहराचा नियम होता. विद्यापीठाच्या हद्दीत राज्याचा कडक कायदा लागायचा, म्हणजे डायगवर पकडलेल्याला पाच डॉलरमध्ये सुटता येत नसे.

प्रश्न : आयोजक म्हणतात दहा हजार, पोलीस आकडा देत नाहीत. गर्दी मोजायची कशी?

उत्तर : स्वतः मोजा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी साठच्या दशकात रूढ केलेली पद्धत आजही पुरते. हाताच्या अंतरावर उभ्या विरळ गर्दीत माणसाला सुमारे १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. आदल्या दिवशी नकाशावरच्या मोजपट्टीने जागेचं क्षेत्रफळ काढून ठेवा आणि झाडं, फुलझाडांचे वाफे, तंबू वजा करा.

समजा, उरलेला भाग ६० बाय ४० मीटर, म्हणजे २४०० चौरस मीटर आहे. पायऱ्यांपुढचे ८०० दाट आहेत : माणशी ०.४२ चौरस मीटर धरले की सुमारे १९००. आणखी ८०० विरळ आहेत : माणशी ०.९३ धरले की सुमारे ८६०. बाकीचे ८०० जवळजवळ रिकामे. बेरीज २७६०. छापताना मात्र २७६० लिहू नका, 'अडीच ते तीन हजार' लिहा आणि किती वाजता, कशावरून मोजलं तेही सांगा. साडेअकरा, सव्वाबारा आणि एक अशी तीनदा मोजणी करा. माणसं येत-जात असतात, म्हणून तिन्ही आकड्यांची बेरीज करायची नाही, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. शेजारच्या मन्रो स्ट्रीटवरचा मेळा वेगळा मोजा.

प्रश्न : माझी मुलगी तिकडे एफ-१ व्हिसावर शिकते. मित्रांबरोबर हॅश बॅश बघायला गेली होती. विद्यार्थी वृत्तपत्रात नावासकट तिचं वाक्य आलं आहे : 'मी पहिल्यांदाच ओढला, मजा आली.' राज्यात कायदेशीर आहे, मग काळजीचं कारण आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे, पण घाबरून जाऊ नका. व्हिसा आणि अमेरिकेतला प्रवेश केंद्राच्या कायद्याने ठरतो, मिशिगनच्या नव्हे. परदेशी नागरिकाने गांजाच्या गुन्ह्याची कबुली दिली, तर न्यायालयात शिक्षा झालेली नसतानाही पुढे व्हिसा किंवा प्रवेश अडू शकतो. वर्तमानपत्रातलं वाक्य म्हणजे रीतसर कबुली नव्हे, पण एखादा अधिकारी त्यावरून प्रश्न विचारू शकतो. मुलीला सांगा : यापुढे समाजमाध्यमांवर यावर अवाक्षर लिहू नकोस, आणि भारतात यायचं तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या स्टुडंट लीगल सर्व्हिसेसमध्ये जा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घे. अधिकाऱ्याने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. खोटं बोलणं हा वेगळा आणि जास्त जड गुन्हा होतो.

आता हेच बातमीदारांसाठी, कारण चूक तिथून सुरू झाली. आपल्याकडची शेकडो मुलं तिकडे शिकतात. हसत नाव सांगणाऱ्या मुलीला आपण काय पणाला लावतो आहोत हे ठाऊक नसतं. म्हणून नाव विचारण्याआधी ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणा : 'हे छापून येणार आहे. वेबसाइटवर कायम राहणार आहे. तुमचं नाव शोधलं की हे वर येणार आहे.' मग विचारा, 'तुम्ही अमेरिकी नागरिक नसाल, तर स्वतः ओढण्याबद्दल नावानिशी बोलू नका, कार्यक्रमाबद्दल बोला. चालेल?' ओढल्याचा उल्लेख बातमीला लागतच असेल तर नाव छापू नका, 'अभियांत्रिकीची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी' एवढंच लिहा. खरं नाव संपादकाला माहीत असावं. खोटं टोपणनाव मात्र देऊ नका, ते दुसऱ्याच कोणाचं तरी असतं.

फोटोलाही हेच लागू. उघड्या जागेत फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, पण चेहरा आणि पेटलेला जॉइंट एका चौकटीत आला की तो पुरावा होतो. २१च्या आतलं कोणी असेल तर आणखी वाईट. पायऱ्यांवरून रुंद चौकट घ्या, पाठमोरी गर्दी घ्या, ग्रंथालयाच्या खांबांपुढे उठलेला धूर घ्या, नुसते हात घ्या. चेहरा हवाच असेल तर भाषण करणाऱ्याचा घ्या. तो लोकांसमोर बोलायलाच आलेला असतो.

छापून गेल्यावर कोणी नाव काढा म्हणालं, तर बातमी गुपचूप गायब करू नका. संपादकांनी एकत्र बसून ठरवावं. खरंच हानी होणार असेल तर नाव काढून खाली एक ओळ टाका : 'या बातमीतून एक नाव वगळलं आहे.' तुमच्या मुलीने संपादकांना हीच विनंती आजच लेखी पाठवावी.

प्रश्न : हीच बातमी मराठीत लिहिताना शब्द कोणते वापरावेत? भांग चालेल?

उत्तर : नाही. आपल्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजात मोजल्या जात नाहीत, आणि भांग पानांची असते. म्हणून तिकडच्या मारिवानाला गांजा, हशीशला चरस लिहा. गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांना 'गांजायुक्त खाऊ' म्हटलं की कळतं. डिस्पेन्सरी हा शब्द टाळाच. आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचा दवाखाना उभा राहतो. 'गांजाचं परवानाधारक दुकान' लिहा.