तो भेटीला येतच नाही, कोर्टाला कसं दाखवू?

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावच्या फॅमिली कोर्टात आमची केस चालूय, ७ वर्षांची मुलगी माझ्याकडं असते. बापानं पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी कोर्टातच कौन्सेलरसमोर तिला भेटायचं अशी ऑर्डर आहे. ५ पैकी ३ वेळा तो आलाच नाही. पोरगी त्याच्यासाठी काढलेलं चित्र मांडीवर घेऊन गेटकडं बघत बसते. आणि तारखेला तो सांगतो, मीच तिला आणत नाही. काय करू?

उत्तर : ताई, वाचून जीव कळवळला. पण तो येवो न येवो तुमची फेरी चुकवू नका, एकदा जरी गेला नाहीत तरी त्याचं म्हणणं खरं ठरेल.

फक्त यासाठी एक वही करा आणि परतीच्या बसमध्येच लिहून काढा : "१०.४० ला पोचलो. भेट ११ ला. मॅडमना सांगितलं. १२ पर्यंत थांबलो, फोन नाही मेसेज नाही." बास. तो आला तेपण लिहा, किती वेळ बसला तेपण. "नालायक माणूस" वगैरे नको, कितीही खरं वाटलं तरी, ती वही त्याचा वकीलपण वाचणार आहे. शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना बस फुकट, त्याचं) झिरो तिकीट टाकू नका, त्यावर तारीख-वेळ असते, पण छपाई उडते म्हणून लगेच फोटो काढा.

तरी वही शेवटी तुमचीच, तिच्यापेक्षा कौन्सेलरच्या नोंदीला वजन जास्त. म्हणून दर वेळी "आम्ही हजर होतो" असं दोन ओळीत लिहून द्या, पोच घ्या, आणि कौन्सेलरचा रिपोर्ट मागवायला वकिलांना अर्ज करायला सांगा, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १४ मुळं असले कागद कोर्ट बघू शकतं. व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. ते पुरावा म्हणून द्यायला १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यातलं कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, आणि मेसेज मराठीत असले तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरपण जोडावं लागतं.

वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० नंबरला फोन करा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

आणि पोरीचा रडतानाचा व्हिडिओ तेवढा काढू नका हो. "पप्पा येणारच" असंपण सांगू नका, "जाऊन बघू" म्हणा. रंगपेटी बरोबर न्या, तो नाहीच आला तर तिथं बसून दुसरं चित्र काढू दे तिला.